सैल दोराची रीत

सर, तुम्हाला जाऊन आता पस्तीस वर्षं होतील. नौपाड्यातल्या आपल्या आकडेमोडीच्या खोलीत मी रुजू झाले तेव्हा एकवीस वर्षांची होते, तरी तुम्ही पहिल्या दिवसापासून मला ‘बाई’च म्हणायचात. त्या वर्षी आपली सामाईक वही तयार होत होती. पूल, टाक्या, छपरं यांचे आराखडे करणाऱ्या सगळ्या टेबलांना लागतील अशा छोट्या रीती तिच्यात उतरवायच्या होत्या. प्रत्येकाला आपली रीत तिच्यात हवी असे, आणि तुम्ही बहुतेकांना परत पाठवत होतात. “ही तुमच्यापुरती बरी आहे, स्वतःजवळ ठेवा. इथली रीत दुसरा माणूस डोळे मिटून वापरणार.”

माझी एक घेतलीत. दोन खांबांमध्ये टांगलेल्या दोरावर किती ताण येतो, ते दोन ओळींत काढायची. “कुठे चुकते का?” तुम्ही विचारलंत. “दहा उदाहरणं ताडून पाहिली, सर,” मी म्हटलं. ती दहाही जेमतेम लोंबणाऱ्या दोरांची होती. तेवढ्यालाच ती रीत चालते, हे मला इतकं पाठ होतं की वहीत लिहायचं सुचलंच नाही.

पाच-सहा महिन्यांनी शेजारच्या टेबलावरचे ड्राफ्ट्समन सहज म्हणाले, “बाई, तुमच्या रीतीने आमचा झुलता पूल चुटकीसरशी झाला.” विठ्ठलवाडीजवळच्या नाल्यावर मजुरांसाठी तात्पुरता पूल होता तो. मी विचारलं, “दोर खाली किती येतो?” ते म्हणाले, “लांबीच्या पाव भाग.” मी कागदावर पूर्ण गणित मांडलं. खरा ताण माझ्या रीतीने येणाऱ्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट येत होता. पुन्हा मांडलं. तेवढाच.

कागद घेऊन मी तुमच्यासमोर उभी आहे. तुम्ही कागद वाचता, टोपी उचलता. “चला.”

गाडीने कल्याण गाठलं आणि तिथून टांगा केला. वाटेत तुम्ही रीतीबद्दल एकदाच बोललात. “गणित बरोबर आहे, बाई. अट तुमच्या डोक्यात राहिली आणि वहीत नुसती सोय आली.” पोचलो तेव्हा पुलावर डोक्यावर पाट्या घेतलेल्या सात-आठ बाया होत्या. तुम्ही धावलात. मी तुम्हाला कधी धावताना पाहिलं नव्हतं. “एकेकीनं या! हळू! पाट्या तिथंच ठेवा!” शेवटची अलीकडे येईपर्यंत मी एकेकीला मोजत होते. मग मुकादमाने दोराचं टोक दाखवलं. खांबापाशी तीन पदर तुटले होते.

परतल्यावर कचेरीच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कुणी घातलं वहीत? तुम्ही म्हणालात, “वही माझी आहे.” मी शेजारीच उभी होते, गप्प. पुढे तुमच्यानंतर ती वही माझ्याकडे आली, आणि नवी रीत कुणी आणली की ती कुठे चालत नाही ते आधी लिहून घेई. लोक म्हणत, बाई फार काटेकोर.

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या दिवशी टांग्यात मी थरथरत होते आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, “माणसं वाचतील.” सर, तोवर मला माणसं आठवलीच नव्हती. माझी नोकरी जाईल म्हणून मी थरथरत होते.