रानफणसाचा चीक

लाँग तेपान,
१२ ऑक्टोबर १९९३

जाविंग,

तुझी बिस्किटं आणि टॉर्च पोचली. आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, डोंगर चढवत नाही. यंदा रानात फळं उदंड आली, डुकरं पार झोपड्यांपर्यंत येतात. आणि आपल्या घरात मात्र नुसती साबूची लापशी.

का, ते मी सांगायला हवं? बाबांनी तरुणपणी खूण केलेलं, बाणांच्या विषाचं झाड. त्याला परक्याने हात लावला नसता. लाकूड कंपनीला ‘आमचंच आहे, पाडा’ म्हणायला पोटचा पोरगाच लागतो. वर मला निरोप, "ताई, बाबांना कळू देऊ नकोस, ते जीव सोडतील." बरं, नाही कळू दिलं. त्या झाडाचा म्हणून रानफणसाचा चीक आणून दिला. बाबांनी तो चुलीवर आटवला, फुंकनळीच्या बाणांना लावला.

नेम अजून चुकत नाही त्यांचा. बाण लागतो आणि डुक्कर तो घेऊन खुशाल पळून जातं. शेजारचा लासोंग सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हाताऱ्याची फुंक संपली, आता चूल फुंकत बस म्हणावं." बायकासुद्धा हसल्या. बाबाही हसले. परवा त्यांनी आपली फुंकनळी लासोंगलाच देऊन टाकली. त्याने संध्याकाळी त्याच नळीने, स्वतःच्या विषाच्या बाणाने डुक्कर मारलं, आपल्या घरचा वाटा आणून दिला. बाबांनी तोंडात घातला नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, तुमची फुंक नाही हो संपली, तो चीक..."

"गप्प बस," म्हणाले. "विष शिजलं की मी जिभेला लावून बघतो, विसरलीस? खरं असतं तर कडू जहर लागलं असतं. पहिल्याच दिवशी कळलं मला झाड गेलं. कुणाच्या शब्दावर गेलं तेही कळलं. मला म्हातारा म्हणू देत. पोराला उद्या वस्तीत परत यावंसं वाटलं, तर तोंड दाखवता आलं पाहिजे."

तुझ्यासाठी, जाविंग. तुझ्यासाठी हसून घेतलं त्यांनी.

मला नाही सोसलं. काल सगळी वस्ती शिकारीच्या वाटणीला जमली होती, तिथे मी उभी राहिले आणि तुझं नाव घेऊन सगळं सांगून टाकलं. लासोंगने फुंकनळी परत आणून बाबांच्या पायाशी ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत.

येऊ नकोस.

तुझी बहीण होती ती,
बुंगान