लाल लोकरीचे टाके

दुशान्बे, १२ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून ड्रायव्हरबरोबर पत्र पाठवते आहे. इमोम अजून कोठडीत आहे. जेवणाला नावं ठेवतो, म्हणजे फार खचलेला नाही.

नाक्यावर त्याच्या गाडीतून उतरवलेल्या तुतीच्या पिठाच्या तीन पिशव्यांचे नमुने आमच्याच प्रयोगशाळेत आले. कागदावर त्याचं नाव दिसताच हा माझा भाऊ आहे असं मी साहेबांना सांगितलं आणि बाजूला झाले. तपासणी दुसरीने केली. एका पिशवीत पिठाखाली अफू निघाली. नुसतं पीठ आहे असं लिहून टाक, असं तू म्हणालीस. ते होणार नाही.

तिन्ही पिशव्या तुझ्या कापडाच्या, तुझ्या मोज्यांच्या लाल लोकरीने शिवलेल्या. अफूची पिशवी कुणाची, हे इमोम सांगत नाही. तू सांग. आठवतं तेवढंच लिही, अंदाज नको.

तुझी,
मेहरंगेझ

इश्काशिम, १९ नोव्हेंबर

चि. मेहरंगेझ हिस अ. उ. आ.

काचेच्या नळ्यांत राहून तूही काच झालीस. भाऊ आत, आणि तू म्हणे बाजूला झालीस!

दोन पिशव्या माझ्या. तिसरी शेजारच्या दावलतमोची, तिच्या दुशान्बेतल्या मुलासाठी. फाटकी होती, म्हणून मीच माझ्या कापडात घालून शिवली. आत पाहिलं नाही. शेजारणीच्या पिशवीत कुणी हात घालतं का? आपल्याकडे ड्रायव्हरसुद्धा आत काय आहे विचारत नाही. कुठली पिशवी कुणाची, हे इमोमला ठाऊक आहे. टाके माझे, म्हणून गप्प बसलाय गाढव. बापावर गेलाय.

माझं दूध आटलं तेव्हा दावलतमोनेच त्याला पाजलं होतं. काल तिला विचारायला गेले, तर तिने दार लावून घेतलं. मी बोलले तर मला धरतील का? खरं काय ते लिही.

तुझी आई

दुशान्बे, २५ नोव्हेंबर

ती. आईस सा. न.

धरतील की नाही, मला माहीत नाही. चौकशी होईल. तू बोलली नाहीस तर इमोमची बरीच वर्षं जातील, हे माहीत आहे. बोल म्हणवत नाही, बोलू नको असंही म्हणवत नाही. गेलीस तर जाड कोट घालून जा.

मेहरंगेझ

खोरोग, २ डिसेंबर

चि. मेहरंगेझ हिस अ. उ. आ.

ठाण्यासमोर, आपली पत्रं नेणाऱ्या कादम ड्रायव्हरच्या गाडीत बसून लिहिते आहे. मी इथे उतरते. पत्र तो पुढे आणेल. कोट घातला आहे, काळजी करू नको.

इमोमसाठी मोजे पाठवते आहे. पिशवी शिवलेली नाही. कादमने काही विचारलं नव्हतं, तरी उघडून दाखवली. पोर लाजून लाल झालं.

रागावले असले तरी माया तीच आहे.

तुझी आई