एका वर्षाची खलाशीण

टालाबरा,
१८ जानेवारी २०१६

चि. टेगन हिस,
नोलीनआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुझा बाप मटणाच्या चॉप्सची पिशवी घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, की पोरगी नौदलात गेली. भाचा असला तरी आत्यापुढे इतकं ओरडायची गरज नव्हती. तारयंत्राच्या हेडफोनांनी माझे कान गेले आहेत, डोकं शाबूत आहे. फोनवर मला काही ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

नौदलात गेलीस याचा मला राग नाही. मी स्वतः तिथे होते, मला राग कसा येईल? राग आला तो पुढचं ऐकून. एकच वर्ष म्हणे. शाळा संपली, विद्यापीठ सुरू व्हायचंय, मधल्या सुट्टीत जरा खलाशी होऊन यावं. पलीकडच्या वॉरनची मुलगी लंडनला दारूच्या गुत्त्यात ग्लास धुवायला गेली, तशी तू जहाजावर गेलीस. आणि सरकार तुम्हाला याचा पगारही देतं.

आमच्या वेळी मुलीच्या लग्नाचा दाखला साहेबाच्या टेबलावर पडला, की गणवेश परत करून चालू पडायचं, असा नियमच होता. तीन वर्षं मी मान मोडून काम केलं, पण पाण्यावर एकदाही पाऊल ठेवू दिलं नाही. बायका जहाजावर नकोत. माझं सगळं नौदल माळरानावरच्या विटांच्या इमारतीत झालं, जवळचा समुद्र दीडशे किलोमीटरवर.

म्हणून स्पष्ट लिहिते. वर्षभराच्या पाहुणीला तिथे कोण काय शिकवणार? डिसेंबरात जाणारच आहे, तर हिच्यावर कशाला मेहनत घ्या, असं म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

सोबत फळांचा केक पाठवला आहे. डबा परत पाठव. प्रकृतीस जप.

तुझी,
नोलीनआत्या

*

प्रशिक्षण तळ,
२१ फेब्रुवारी २०१६

ती. नोलीनआत्यास,
टेगनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, केकही आला. केक आधी आमच्या शिक्षकांनी तपासला, म्हणजे काय ते समज. डब्यात उरलेलं आम्ही अठ्ठावीस जणांनी वाटून खाल्लं. डबा माझ्याकडे आहे, पण तू मला पाहुणी म्हणालीस म्हणून मुद्दाम परत करत नाहीये.

तू काय समजतेस, इथे आम्हाला झोपाळ्यावर बसवून लिंबूपाणी देतात? साडेपाचला उठवतात. चादरीला सुरकुती दिसली तर आख्खी गादी उलथून टाकतात. मी आयुष्यात रुमालाला इस्त्री केली नव्हती, आता शर्टाच्या बाहीवर एकच घडी पडावी म्हणून चाळीस मिनिटं घालवते. फोन फक्त रविवारी तासभर हातात देतात, आणि तो तास आई रडण्यात घालवते. विटांच्या इमारतीचं म्हणशील तर अजूनही तेच आहे. हा तळ म्हणजे जहाज, फरशी म्हणजे डेक, आणि फाटकाबाहेर पाव आणायला गेलं तर किनाऱ्यावर गेलो असं म्हणायचं. समुद्र मात्र आम्हाला खिडकीतून दिसतो, एवढी प्रगती झाली.

कायमच्या भरतीतली मुलं आमच्याच रांगेत असतात. दोरखंडाच्या कामात त्यांच्यासकट सगळ्यांत मी पहिली आले. हे घरात फक्त तुलाच कळवते आहे, कारण बाबांना कळलं तर ते शेतातले तारांचे गुंडाळे माझ्यासाठी राखून ठेवतील. मे महिन्यात सिडनीला जहाजावर नेमणूक आहे. तिथे सुकाणू धरायला शिकवतात. तेव्हा पाहुणी हा शब्द मागे घे.

तुझी रागावलेली,
टेगन

*

शेतावरून,
३ जुलै २०१६

ती. आत्यास,
रॉसचा सा. न. वि. वि.

घरी येऊन तुझ्यापुढे ओरडत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं. टेगनचा काल फोन आला होता. पोरगी ढसाढसा रडली. तिचं जहाज दोन महिन्यांच्या सफरीवर सिंगापूर आणि मनिलाला निघालंय आणि यादीतून हिचं नाव काढलं. मी सांगितलं, सोड आणि घरी ये. मेंढ्यांची लोकर कापायचे दिवस आलेत, इथे दोन हात कमी आहेत. विद्यापीठातली जागाही फेब्रुवारीपर्यंतच राखून ठेवली आहे.

आत्या, वाईट वाटून घेऊ नकोस, पण याचं मूळ तू आहेस. लहानपणापासून ही तुझ्या स्वयंपाकघरात बसून तारयंत्राच्या गोष्टी ऐकायची. आमच्या सात पिढ्यांत कोणी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलं नाही. तू जे पन्नास वर्षं मनात धरून बसलीस, ते पोरीच्या डोक्यात उतरलं. आता कृपा कर आणि तिला काही लिहू नकोस. तिचा निर्णय होऊ दे.

गॅसची टाकी संपत आली असेल तर कळव.

तुझा,
रॉस

*

सिडनी,
९ जुलै २०१६

ती. नोलीनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला सांगितलंच असेल, आणि वर तुलाच बोल लावला असेल. तू मनावर घेऊ नकोस.

झालं ते असं. गेले सहा आठवडे मी जहाजावर काम करते आहे. गंज खरवडला, रंग दिला, नांगराच्या साखळ्या घासल्या, एकदा सुकाणूही धरलं आणि शाबासकी मिळवली. पोटातलं सगळं बाहेर आलं तरी जागा सोडली नाही. मग सफरीची यादी लागली, त्यात मी नाही. माझ्या जागी कायमच्या भरतीतला एक मुलगा, ज्याला अजून धड गाठ मारता येत नाही. त्याची गाठ दोनदा मीच सोडवून परत मारली आहे.

किनाऱ्यावरच्या कचेरीत चीफ मॅकआर्डल म्हणून आहे, नेमणुका तोच लावतो. त्याच्याकडे गेले. तो चिडला असता तर बरं झालं असतं. अगदी गोडीत म्हणाला, की तू डिसेंबरात जाणारच आहेस, मग तुझ्यावर कशाला मेहनत घ्यायची? आत्या, ते ऐकून तळपायाची आग मस्तकाला गेली. तू जानेवारीत हेच लिहिलं होतंस. जवळजवळ याच शब्दांत.

तेव्हा तूच बरोबर होतीस. सोडून जाण्याचा अर्ज मी भरला आहे, सही तेवढी राहिली आहे. बाबांना आनंद होईल. २२ तारखेच्या शुक्रवारी अर्ज त्याच्या टेबलावर आपटीन आणि सांगीन, की घ्या, तुमची पाहुणी चालली.

तुझी,
टेगन

*

टालाबरा,
१४ जुलै २०१६

चि. टेगन हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बापाने लिहू नकोस म्हणून बजावलंय, म्हणून आधी हे पत्र टपालात टाकते आणि मग चहा घेते. शुक्रवारच्या आत तुला मिळायला हवं.

सर्वांत आधी, मी जानेवारीत लिहिलेलं ते वाक्य परत घेते. त्याची मला लाज वाटते आहे. ते माझं नव्हतंच. १९६६ साली मला ते ऐकवलं गेलं होतं आणि इतक्या वर्षांनी मी ते जसंच्या तसं तुझ्या तोंडावर मारलं.

तारयंत्राच्या परीक्षेत आमच्या केंद्रावर मी पहिली आले होते. पहिल्या येणाऱ्याला शिक्षक होण्याच्या वर्गाला पाठवायचे. यादी लागली तर नाव दुसऱ्या आलेल्या मुलाचं. मी साहेबाकडे गेले. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, की तुम्ही मुली आज आहात, उद्या लग्न करून जाल, तुमच्यावर मेहनत कशाला वाया घालवायची? चहा मी तसाच ठेवला.

आता जे सांगते ते तुझ्या बापालाही ठाऊक नाही. लग्न केलं म्हणून नौदलाने मला काढलं, असं सगळं गाव समजतं, आणि मीही तसंच समजू दिलं. खरं असं आहे, की डगने मला दोनदा मागणी घातली होती आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं होतं. त्या शनिवारी मी रागाच्या भरात पोस्टात गेले आणि त्याला तार केली, की हो. तीन आठवड्यांत लग्न लागलं. दाखला नेऊन साहेबाच्या टेबलावर आपटला, तू अर्ज आपटणार आहेस तसाच. मला वाटलं होतं तो ओशाळेल. तो खूश झाला. त्याचं भाकीत मी खरं करून दाखवलं होतं, आणि पुढची पाच-दहा वर्षं तरी त्याने माझं उदाहरण प्रत्येक मुलीला दिलं असेल.

डग सोन्यासारखा माणूस निघाला, म्हणून निभावलं. दुसरा कोणी असता तर माझं काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

अर्ज फाड. तुला जायचं असेल तर वर्ष पूर्ण करून जा. नाक कापून अपशकुन करण्यात नाक आपलंच जातं.

तुझी,
नोलीनआत्या

*

सिडनी,
२ ऑगस्ट २०१६

ती. नोलीनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. अर्ज फाडला. पण माझा राग गेला असं समजू नकोस, उलट आता त्यात तुझाही राग मिसळला आहे. त्या साहेबाचं नाव कळव, त्याच्या नातवंडांना तरी दोन शब्द सुनावते.

जहाज २५ तारखेला गेलं. दोरखंड धक्क्यावरून सोडायला माणसं लागतात, तिथे मला उभं केलं. त्या गाठ न येणाऱ्या मुलाने वरून मला हात केला. मी केला नाही.

आता रोज धक्क्यावर रंगकाम करते. परवा कचेरीच्या फळ्यावर सूचना लागली. उत्तरेकडून एक छोटी नौका बेटांच्या बाजूला चार महिन्यांसाठी जाणार आहे, एक खलाशी कमी आहे, इच्छुकांनी चीफ मॅकआर्डल यांना भेटावं. माझ्या मैत्रिणीने मला ढकलून पाठवायचा प्रयत्न केला. मी नाही गेले. एकदा अपमान करून घेतला तेवढा पुरे. माझं काम त्याला दिसत नाही का? गरज असेल तर तो बोलावील. डिसेंबरपर्यंत मी इथेच रंग देत बसेन, पण त्याच्यापुढे पदर पसरणार नाही.

तू म्हणालीस तसं सोडलं तर नाहीच. आता तरी खूश आहेस ना?

एक विचारू का? डगआजोबांना हे माहीत होतं? तू रागाने हो म्हणालीस ते?

तुझी,
टेगन

*

टालाबरा,
८ ऑगस्ट २०१६

चि. टेगन हिस,
आशीर्वाद. वि. वि.

नाही, मी खूश नाही. तुझं पत्र वाचून मी ते टेबलावर उपडं ठेवलं आणि बाहेर जाऊन गुलाबाची छाटणी केली. जरा जास्तच छाटली गेली.

डगला माहीत होतं. मी कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही, पण तो मूर्ख नव्हता. १९६९ साली नियम बदलला. लग्न झालेल्या बायकांनाही नौदलात राहू द्यायचं ठरलं. पेपरात बातमी आली, त्या सकाळी डगने पेपर नेमका त्या पानावर दुमडून माझ्या लापशीच्या ताटलीशेजारी ठेवला. म्हणाला, की पेरणी त्याचा भाऊ बघेल, मला जिथे पाठवतील तिथे तोही येईल, गाड्या दुरुस्त करणाऱ्याला कुठेही काम मिळतं. मी चोवीस वर्षांची होते.

मी म्हटलं, त्यांनी मला घालवलं, आता त्यांनीच बोलवावं. डग म्हणाला, की नोलीन, त्यांच्याकडे आपला पत्ता नाही.

मी वाट पाहिली. टपालवाल्याची गाडी दिसली की फाटकापर्यंत जायचे. जुन्या बायकांना त्यांनी परत घेतलं असतं की नसतं, देव जाणे. मी विचारलंच नाही. तरी गावात कोणीही विषय काढला, की त्या नियमाला शिव्या घालायला मी पुढे. टेगन, त्या नियमाने मला तीन वर्षं बाहेर ठेवलं. त्यापुढची सगळी वर्षं मीच स्वतःला ठेवलं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि लिहिताना माझाच मला इतका संताप येतो आहे, की अक्षर बिघडलं ते बघतेसच.

त्या मॅकआर्डलने चूक केली, त्याबद्दल तो नरकात जावो. तू उद्या सकाळी शर्टाला इस्त्री कर आणि त्याच्या दारात उभी राहा. त्याला विचारून झाल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस, मी उघडणार नाही.

तुझी,
नोलीनआत्या

*

सिडनी,
१६ ऑगस्ट २०१६

ती. नोलीनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. आता उघड.

शुक्रवारी सकाळी गेले. बाहीवर एकच घडी होती. काय काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, त्यात तुझा साहेबही होता आणि १९६६ सालही होतं. मॅकआर्डल कसले तरी कागद भरत होता. मी एवढंच म्हणू शकले, की मला त्या नौकेवर जायचं आहे. तो मान वर न करता म्हणाला, बरं. मग माझ्या बुटांचं माप विचारलं, गुरुवारच्या विमानात नाव घातलं आणि म्हणाला, की सूचना लावून दोन आठवडे झाले, कोणी फिरकलंच नाही, त्याला काळजी लागली होती.

मी दारातून परत फिरले आणि त्याला विचारलं, की मी डिसेंबरात जाणार, तरी चालेल का? त्याने पहिल्यांदा वर पाहिलं आणि म्हणाला, की न चालायला काय झालं? आत्या, तो खोटं बोलत नव्हता. तो तेव्हा काय म्हणाला होता, हे त्याला आठवतही नव्हतं. मी ज्या वाक्यावर इतके दिवस जळत होते, ते त्याने चहाच्या घोटाबरोबर टाकून दिलं होतं. तेव्हा मला जेवढा संताप आला, तेवढा यादी पाहूनही आला नव्हता.

बाहेर आले आणि घड्याळ पाहिलं. सगळं मिळून चार मिनिटंही लागली नव्हती. मग मी जिन्यात बसले आणि तुझ्यासाठी खूप रडले.

गुरुवारी निघते आहे. बाबांना तूच सांग, मोठ्याने.

तुझी लाडकी,
टेगन