विहिरीचे अकरा महिने

बाबा, विहिरीची नोंद माझ्या हातून गेली. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, पण अशी गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगावी ते मला कळत नाही. मी आता वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, राहते मात्र आपल्याच घरात. गावाबाहेरच्या टेकडीवर दगडाची खाण झाली आहे. सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजतात आणि मागच्या घरातल्या काकूंच्या विहिरीचं पाणी उतरतं. सारा मोहल्ला त्या विहिरीवर पितो. काकूंनी तहसीलीत अर्ज केला, तर तिथले साहेब म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी खाली जातंच. सुरुंगाने जातं म्हणता, तर वर्षभराची नोंद आणा." काकू तशाच माझ्याकडे आल्या. "तू त मशीनीचंच शिकवतं नं, बाई. लाव काहीतरी."

मी साबणाच्या डबीएवढा, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर घेतला, काठावर पत्र्याच्या पेटीत बसवला आणि पाण्याची खोली मोजणारी वायर आत सोडली. दर सेकंदाला तो एका फाइलमध्ये खोली लिहायचा. सुरुंगानंतर तासाभरात पाणी किती उतरलं, ते त्यात स्वच्छ दिसायचं. अकरा महिने तो लिहीत राहिला. काकू रोज पदराने पेटीवरची धूळ पुसायच्या. फाइलची दुसरी प्रत मी उद्या करीन, उद्या करीन म्हणत राहिले.

मग एका रविवारी सकाळी पाहते तर नोंद थांबलेली. आतलं कार्ड भरलं होतं. त्यासाठी एक सोय असते. ठरल्या वेळी जुनी फाइल बाजूला सारून कोरी सुरू करायची, तुमचं रजिस्टर भरलं की तुम्ही नवं काढायचे तसं. ती सोय मी पहिल्याच दिवशी लावली होती, पण ती एकदाही चालली नव्हती. कारण शोधण्यात दुपार गेली. मी वेळ पहाटेची ठरवली होती आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे रोज विजेची लाइन जाते. हुकलेलं काम लाइन आल्यावर करायचं, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. बाकीचं सटरफटर पुसून कार्डात थोडी जागा केली, वेळ बदलून दुपारची केली. खात्री हवी म्हणून "आत्ताच कर" असा हुकूम दिला. फाइल सरकली, नवी सुरू झाली. मला इतका आनंद झाला की काहीबाही बदलत मी पुन्हा हुकूम दिला, आणि पुन्हा. काही न हलवता नुसतं काय होईल ते दाखवणारा हुकूमही असतो. मुलांना मी तोच आधी द्यायला शिकवते. आणि जुन्या फाइली चारच ठेवायच्या, त्यापुढची टाकून द्यायची, हे मीच लिहून ठेवलं होतं. प्रत्येक हुकमासरशी अकरा महिने एकेक पायरी मागे सरकत होते. पाचव्यांदा ते गेले. उरल्या दोन-दोन मिनिटांच्या चार फाइली.

कार्ड घेऊन वर्ध्याला धावले. पुसलेले लग्नाचे फोटो परत काढून देणारा एक दुकानदार आहे, त्याने दोन दिवस ठेवून घेतलं. "ताई, या कार्डातून पुसलं म्हंजे पुसलं. काई नाई निंगत."

सुनावणीला नऊ दिवस होते. मी कोरी फाइल उघडली. कोणत्या महिन्यात पाणी कुठे होतं, ते मला जवळपास पाठ होतं, आकडे सहज बसवता आले असते. दोन ओळी लिहिल्याही. तेव्हा तुमचा तो ताप आठवला. मी चौथीत आहे. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत तुम्ही रोज सकाळी नदीतल्या पट्टीवरचं पाणी पाहून रजिस्टरात लिहिता. त्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, म्हणून मला पाठवता. मी वाटेत बोरं वेचत बसते आणि कालचाच आकडा लिहून आणते. तुम्ही रजिस्टर पाहता, मग माझे कोरडे पाय पाहता.

"पाणी पाह्यलं का?"

मी एक पाय दुसऱ्या पायामागे लपवते.

"नाई पाह्यलं त लिवलं काऊन? जागा रिकामी ठेवाची. रिकामी जागा कोनाले फसवत नाई."

त्या आकड्यावर तुम्ही रेघ मारता, पुढे "पाहिलं नाही" असं लिहून स्वतःची सही करता. साहेबाची बोलणीही तुम्हीच खाता.

मी त्या दोन ओळी पुसल्या, आता रोजच्या रोज प्रत काढली आणि फक्त नऊ दिवसांची नोंद घेऊन गेले. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "मॅडम, एवढ्यावरून मी काय लिहू?" खाणीच्या परवानगीची मुदत वाढली. खरं वागल्याचं समाधान असतं म्हणतात. मला नाही मिळालं. माघातच विहिरीचा तळ दिसला. आता एक दिवसाआड टँकर येतो आणि काकू या वयात ड्रम घेऊन रांगेत उभ्या राहतात. डबी अजून चालू आहे. रोज दुपारी फाइल वेळेवर बदलते. आत ओळीखाली ओळ शून्य लिहिलेलं असतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. काकूंनी विचारलं होतं, "नोंद गेली कशी वं बाई?" मी म्हटलं, "लाइन जास्त आली, काकू. आतलं कार्ड जळलं." त्या बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. "तुहा काय दोष त्याच्यात?" म्हणाल्या. मी त्यांना हात फिरवू दिला.