साच्यावरची कुजबूज

५ फेब्रुवारी १९७४
नाही आवडली! कादंबरीची तीनशे पानं संपली एकदाची, आणि नाही आवडली. अख्खं वाचक मंडळ त्या इटालियन लेखकाच्या नावानं 'फाल्दोनी, फाल्दोनी' करतंय. आमचे चिंतामणी सर तर तिचं मराठी भाषांतर करून बसलेत. म्हणे, गिरणीचं इतकं खरं चित्र जगात कुणी काढलं नाही. मला कॉलेजात वाचायला शिकवलं ते सरांनीच. मग मलाच का टोचतंय? आणि नेमकं कुठे?

६ फेब्रुवारी
पुन्हा निम्मी वाचली. सापडत नाही.

७ फेब्रुवारी
वडिलांना, आप्पांना, कादंबरीची गोष्ट सांगत होते. तीस वर्षं गिरणीत साचे, म्हणजे विणायचे माग, चालवून त्यांचे कान गेलेत. आम्ही नुसते ओठ हलवतो, त्यांना सगळं कळतं. साचेखात्यात त्या खडखडाटात सगळे असेच बोलायचे. तर इटलीतला विणकर साच्यावर उभा आहे, त्याच्या पाठीमागे दोघे त्याच्या बायकोविषयी कुजबुजतात, ते तो ऐकतो, आणि पुढची सगळी कादंबरी त्यावरच — आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली.
"मागनं? साचं चालू असताना?"
"हो."
"येडा हाय का त्यो! तोंड बघितल्याबिगर काय कळतंय तितं? गिरणीत गेलाच न्हाय की ह्यो!"
सापडलं!! इतकी वर्षं या घरात राहून मला कसं सुचलं नाही?

९ फेब्रुवारी
उद्या मंडळात बोलायचं? मंडळाचं काही नाही. सरांच्या मनातून उतरायची भीती वाटते, हे खरं. आप्पा म्हणाले, "म्या बी येतो की."

१० फेब्रुवारी, रविवार
बोलले. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सर उठले — "यशोदा, कादंबरी म्हणजे गिरणीचा हजेरीपट नव्हे." टाळ्या! बसता बसता सर भिंतीकडच्या बाकावरच्या आप्पांकडे वळून काहीतरी पुटपुटले. कुणालाच ऐकू आलं नाही. माझी टिंगलच असणार. घरी आलो. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. पुन्हा मंडळाची पायरी चढणार नाही!

११ फेब्रुवारी
सर घरचं कधीच बोलत नाहीत. आम्ही समजत होतो, कुठल्या तरी मोठ्या घरातले असतील.
आज जेवताना आप्पा आपणहून म्हणाले, "तुझ्या सराला आमची बोली येतीया. काल आवाज काढलाच न्हाय त्येनं, नुसतं व्हट हलवलं."
"काय म्हणाले?"
"म्हनला, पोरीचं खरं हाय. माझा बाप बी साच्यावरच हुता. पर पुस्तक छापाय गेलंय."