साहेबांच्या बंदुकीची दुर्बीण

रविवार, ५ ऑक्टो.

श्री ऑफिसातून आला तो मला परस्पर कामाला लावूनच. त्याचे अर्बाब, म्हणजे मालक, सैफ साहेब, याच महिन्यात टांझानियात शिकारीला चाललेत. दरवर्षी जातात. त्यांचे आजोबा तिकडचे, चुलत भावंडं अजून तिथेच, बंदूक आणि परवाना सगळं तिकडे. इथून, आखातातून, फक्त बंदुकीवर बसवायची नवी दुर्बीण न्यायची आहे. ती निवडायला मी जायचं. का, तर मी "डोळ्यांची".

मी नंबर काढते, चष्मे लावते. बंदूक कॉलेजात एनसीसीतसुद्धा हातात धरली नाही. "तू हो म्हणालास?" तर म्हणे, "मग काय नाही म्हणू त्यांना?"

आणि सगळ्यात मोठी बातमी हात धुताना, पाठमोरा उभा राहून सांगितली. यंदा श्रीलाही बरोबर नेणार आहेत. मान म्हणून. याने कधी झुरळ मारलं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टो.

इक्बालभाई श्रीचा पासपोर्ट न्यायला आले. हे श्रीच्या कंपनीचे पीआरओ. मूळ श्रीवर्धनचे, व्हिसा-लायसन्सची सगळी कामं यांच्याकडे. साहेबांबरोबर दरवर्षी तेच जातात. चहा दिला आणि विचारलं, तिकडचं रान कसं असतं.

"वहिनी, काटेरी झाडी, आन माणसापेक्षा उंच गवत. धा पावलांवर रेडा उभा असला तरी दिसत नाय. नुसता वास येतो."

पुढे वाट काढणारा तिथला माणूस, मग इक्बालभाई पाण्याची पिशवी घेऊन, मग साहेब. म्हणजे बंदुकीच्या तोंडासमोर दोन माणसं. आता त्यात श्री.

संध्याकाळी बसून वाचलं. प्रकाशशास्त्रच आहे शेवटी. अशा झाडीत मोठं करून दाखवणारी दुर्बीण कुचकामी. पंचवीस पट मोठं केलं की समोर एकच भलंमोठं पान दिसणार. जनावर कुठे, माणूस कुठे, काही कळणार नाही. झाडीला हवी ती एकपटीपासून सुरू होणारी. विस्तृत दिसतं, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, मध्ये एक लाल ठिपका असतो त्याने नेम धरायचा. आणि डोळा काचेपासून चार बोटं लांब ठेवता यायला हवा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. हे कळायला मला एक संध्याकाळ लागली. साहेब वीस-पंचवीस वर्षं शिकार करतायत.

शनिवार, ११ ऑक्टो.

रुवीतल्या शिकारी सामानाच्या दुकानात गेलो. साहेब, श्री, मी. सेल्समन आपलाच, म्हणजे हिंदुस्थानी, हिंदी बोलणारा. पहिल्यापासून माझ्याकडे बघायचंच नाही असं ठरवल्यासारखा. मी प्रश्न विचारायचा, त्याने उत्तर श्रीला द्यायचं. झाडीसाठी हवी म्हटल्यावर याने काढली काय, तर हातभर लांबीची, पंचवीस पटीची. "सर, सगळे शेख हीच नेतात." मी एकपटीवाली मागितली. ती त्याने अशी ठेवली काउंटरवर, जशी कोणी फुटलेली बशी ठेवावी.

साहेबांनी ती उचलून दाराबाहेर, समोरच्या बिल्डिंगच्या पाटीवर धरली. बघितलं. परत बघितलं.

"इसमें निशान नहीं है."

मी घेऊन पाहिली. लाल ठिपका लख्ख, बरोबर मध्ये. परत दिली. ते म्हणाले, नाही. सेल्समनने दुसरी काढली, नवा डबा फोडून. तीही नाही. "डिफेक्टिव्ह पीस असेल सर, ही बॅचच तशी आहे," हे तो म्हणाला, त्यातून न बघता. मग श्रीने घेतली. डोळ्याला लावली आणि म्हणाला, "हां, जरा फिकटच वाटतंय."

फिकट. तो ठिपका भर उन्हात दिसतो.

मग साहेबांनी ती लांबडी घेतली. तिच्यातली नेम धरायची फुली जाड आहे, चित्राबरोबर मोठी होते. ते चक्र फिरवत गेले, दहा, पंधरा, वीस, आणि मान जराशी डावीकडे कलवून बघायला लागले. समोरच्या वस्तूच्या कडेने बघावं तसं. मग हसले. "ये साफ है."

ती मान मी माझ्या चष्म्याच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी बघते. उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग असला की माणूस आपोआप असं कडेने बघतो. मोठं केलं की डागाच्या बाहेर थोडं काही उरतं, म्हणून मोठं हवं असतं. छोटा ठिपका त्या डागात बुडून जातो. दुर्बिणी दोन्ही चांगल्या होत्या.

लांबडीच घेतली. मला "थँक्यू सिस्टर" म्हणाले. मी काय केलं, कुणास ठाऊक.

शनिवार, नंतर.

घरी आल्यावर श्रीला विचारलं, "तुला ठिपका दिसला की नाही?"

"दिसला."

"मग?"

"अनघा, माणूस दुकानात चारचौघांत म्हणतोय नाही दिसत. मी काय म्हणू, तुम्ही आंधळे आहात?"

व्हिसा नूतनीकरण डिसेंबरात. इराची दहावी. घर शाळेजवळ, अल् खुवैरमध्येच हवं. सगळं एका दमात म्हणून दाखवलं, जसं काही मला माहीत नाही. मी म्हटलं, तू त्या माणसाच्या बंदुकीपुढे चालणार आहेस. तर म्हणतो, "ते अनुभवी आहेत."

इरा आतून आली. "बट आई, ते अंकल बाय मिस्टेक बाबाला शूट करतील तर?"

तिचं मराठी अडखळतं म्हणून आम्ही हसतो एरवी.

सोमवार, १३ ऑक्टो.

इक्बालभाईंना दुकानात बोलावलं, त्यांचा वाचायचा चष्मा सैल झालाय हे निमित्त. स्क्रू आवळता आवळता सरळ विचारलं, मागच्या वर्षी काय झालं.

आधी "काय नाय". मग सांगितलं. गवतात काही हललं. साहेबांनी बंदूक उडवली. गोळी वाट काढणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच्या फांदीत. फांदी त्याच्या खांद्यावर पडली. तो बसला खाली आणि हसायला लागला, हसू थांबेना. साहेब म्हणाले दुर्बीण सरकली होती. म्हणून यंदा नवी.

"तुम्हाला कळत नाही का, दुर्बिणीचा दोष नव्हता?"

"वहिनी, घरात सगळ्यांना ठाव हाय. बेगम साहेब गाडी चालवू देत नाय त्यांना रातची. ड्रायव्हर ठेवला ना. कोन बोलेल?"

माझा इतका संताप झाला की स्क्रूड्रायव्हर हातातून पडला. बायकोला माहीत, ड्रायव्हरला माहीत, पीआरओला माहीत. आणि सगळे मिळून दुर्बीण बदलतात.

"मग तुम्ही कशाला जाता?"

"मी नाय गेलो तर दुसरा कोन तरी जाईल माझ्या जागेवर. त्याला ठाव पन नसेल."

मी त्यांचा चष्मा पुसून परत दिला.

गुरुवार, १६ ऑक्टो.

साहेब आले. मीच फोन केला होता, प्रवासाआधी डोळे तपासून घ्या म्हणून. नाही म्हणतील वाटलं होतं. हलव्याचा डबा घेऊन आले, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, अत्तराचा वास सगळ्या दुकानभर. स्टाफमधल्या मुलींची नावं विचारली. माणूस म्हणून वाईट नाहीतच, तेच तर.

डावा डोळा उत्तम. उजव्याला चौकटींचा कागद दाखवला, मध्ये टिंब. म्हणाले, मधल्या रेषा वाकल्यात, टिंब नाही. मग कागद उजेडात धरला. मग, "कागद गलत छपा है?"

मी सांगितलं. मी डॉक्टर नाही, पण हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा दोष दिसतोय, चष्म्याने किंवा दुर्बिणीने जाणार नाही. तज्ज्ञाला लगेच दाखवा. यातले काही दोष वेळेत इंजेक्शन दिलं तर थांबतात, उशीर झाला तर नाही. आणि या डोळ्याने झाडीत गोळी झाडू नका.

"सिस्टर, आप चश्मा बहुत अच्छा बनाती हैं." हसून. "वापस आके दिखाएंगे. इन्शाल्ला."

मी म्हटलं, तुमच्यापुढे माणसं चालतात.

हसणं गेलं. "मेरे आगे जो चलता है, वो मेरी ज़िम्मेदारी है."

"म्हणूनच सांगतेय."

उठले. दार स्वतः उघडलं, उंबरठ्याला पाय अडखळला, मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

रविवार, १९ ऑक्टो.

साहेब श्रीला ऑफिसात म्हणाले, तुझी बायको काळजी फार करते. सगळ्यांसमोर, हसत. आणि हाही हसला म्हणे.

तपासणीत काय निघालं ते मी श्रीला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, पेशंट आहेत ते माझे. पण दुकानात जे तुझ्या डोळ्यांनी दिसलं ते तुझं आहे, असं मी म्हटलं. तू त्यांच्या पुढे चालायचं नाहीस. चाललास आणि काही झालं, तर मी शोकही करणार नाही, मला आधीच राग येऊन बसलाय.

फार वाईट बोलले. खोडत नाही.

चकल्या बिघडल्या. तेल गार होतं, मी तापलेली. अर्ध्या डब्यात भरल्या, अर्ध्या टाकल्या.

मंगळवार, २१ ऑक्टो. लक्ष्मीपूजन.

श्री साहेबांच्या घरी फराळ द्यायला गेला, दरवर्षीसारखा. पूजेची वेळ टळत आली तरी नाही. शेवटी आला, चेहरा उतरलेला. चपला काढल्या नाहीत, तसाच सोफ्यावर बसला.

"मी येत नाही म्हणून सांगितलं."

"काय कारण सांगितलंस?"

"खरं. म्हटलं, सर, दुकानात मला ठिपका दिसला होता. मी फिकट आहे म्हणालो. पुढे चालताना मला ते आठवत राहील."

मग? मग काही नाही. साहेबांनी कॉफी संपवली, याला आणखी एक खजूर दिला. बेगम साहेब दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. जाताना साहेब फाटकापर्यंत आले नाहीत. नेहमी येतात.

"नोकरी गेली बहुतेक," म्हणाला. आणि मग उठून इराला कंदिलाची वायर लावायला मदत केली. मी चिडलेलीच होते, पण कोणावर ते आता सापडेना. त्याचा हात धरला. गार होता.

बुधवार, २२ ऑक्टो.

दुपारी साहेबांचा फोन, माझ्या मोबाइलवर. नमस्कार-चमत्कार नाही.

"बाईं आँख से चलेगा?"

डाव्या डोळ्याने नेम धरता येईल का, हे विचारत होते. मला हसावं की रडावं कळेना. सांगितलं, डावा डोळा चांगला आहे. पण बंदूक डाव्या खांद्यावर घ्यायला शिकावं लागेल, महिने जातील, आणि तेही रेंजवर, कोणी पुढे नसताना. आणि त्याआधी उजवा डोळा. आधी तो. मी आमच्या ओळखीच्या तज्ज्ञांकडे उद्या सकाळची वेळ घेऊन ठेवली आहे, तुम्हाला न विचारता.

"कल फ्लाइट है."

"दुपारी आहे. सकाळी या."

मग, "देखेंगे. इन्शाल्ला."

त्या शब्दाचं काय करायचं मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. हो असतं, नाही असतं, जा आता असंही असतं. चिडून फोन ठेवला तर लक्षात आलं, त्यांनी आधीच ठेवला होता.

श्रीला ऑफिसात कोणी काही बोललं नाही. टेबल आहे, खुर्ची आहे. साहेब आलेच नाहीत.

गुरुवार, २३ ऑक्टो.

सकाळभर तज्ज्ञांच्या रिसेप्शनला फोन करायचा मोह आवरला. तसं विचारणं बरोबर नाही. दोन मुलांचे नंबर काढले, एका आजोबांना पटवत बसले की चष्मा सोनेरीच पाहिजे असं काही नसतं.

मग इक्बालभाईंचा फोन, एअरपोर्टवरून. मागे घोषणा चाललेल्या.

"वहिनी, सामान गेलं आत. सगळे आले, साहेब नाय आले."

"घरून निघाले का?"

"लय टाइम झाला निघून. ड्रायव्हरला पन नाय घेतला, बेगम साहेब स्वतः चालवत गेल्या. म्हनाले वाटेत काम हाय."

"कुठलं काम?"

"सांगितलं नाय. फोन लागत नाय. काउंटर बंद व्हायला आलं. मी आत जाऊ का थांबू?"

हे मला का विचारतात? त्यांच्या बेगम साहेबांना विचारा, त्या सेल्समनला विचारा, त्या घरातल्या एकेकाला विचारा जे इतके दिवस गप्प बसले. हे सगळं जिभेवर आलं. एअरपोर्टचा रस्ता आणि त्या तज्ज्ञांचं इस्पितळ, दोन्ही एकाच हायवेवर. इस्पितळ एक वळण आधी.

म्हटलं, "थांबा."

"बरं," म्हणाले. आणि फोन चालूच ठेवला, बंद नाही केला. मीही नाही. काउंटरवर पुढचा पेशंट येऊन बसला होता, त्याला खुणेनेच सांगितलं, एक मिनिट.