मेलबर्नहून धारपर्यंत

धार, १ फेब्रुवारी २०२४

चि. चिंतामणीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू हो-हो करून विसरतोस, म्हणून लिहिते. आपली अल्पना पुढच्या रविवारी मेलबर्नहून येते आहे. सूनबाई मोनाने मोबाइलात पाहून सांगितलं, दिल्लीपर्यंतच दहा हजार किलोमीटर, एका बैठकीत तेरा तास. मग इंदूरचं विमान वेगळं. हृदयाचं दुखणं घेऊन पोरगी एकटी येणार! आपली आई गेल्यावर ही धाकटी बहीण माझ्याच कडेवर वाढली. तेव्हा विमानतळावरून तिला थेट धारला आण. मग हवी तितकी देवासला ठेवून घे.

सौ. नीतूला आशीर्वाद. धाकट्याने थोरलीचं ऐकावं, एवढा लोभ असू दे.

तुझी ताई

देवास, १४ फेब्रुवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

रागावू नकोस. विमानातून उतरली तेव्हा अल्पनाचे पाय इतके सुजले होते की चपला जात नव्हत्या. दोन पावलांत दम लागत होता. माझ्या शेजारीच डॉक्टर आहेत म्हणून देवासला आणलं. आता ते म्हणतात, तिला हलवू नका.

सकाळी उठल्याबरोबर ती विचारते, ताई आली का? माझ्या गोलूला गाडी घेऊन पाठवतो, अडीच तासांत पोहोचशील. मावाबाटी मात्र मिळणार नाही, तुझी शुगर मला ठाऊक आहे!

ये, एवढीच विनंती.

तुझा चिंतामणी

धार, १७ फेब्रुवारी

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

गोलूला पाठवू नकोस. सात समुद्र ओलांडून आली आणि धार तेवढं दूर झालं? मी तिच्यासाठी खोली रंगवली, बाग गावच्या छपाईची नवी चादर अंथरली. गल्लीतल्या बाया रोज विचारतात, बहन आई क्या? काय सांगू त्यांना? आईच्या जागी मी, आणि मीच पिशवी घेऊन तुझ्या दारात तिला भेटायला यायचं?

चार दिवस पडू दे तिला. बरं वाटलं की यावं. हट्टी म्हण हवं तर, पण माया कमी करू नकोस.

ताई

देवास, २३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

मंगळवारी अल्पनाच्या छातीत पाणी झालं. ते उतरवून इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लगेच परत जा; पुन्हा भरलं तर विमानात घेणार नाहीत. सोबत एक नर्स देऊन काल तिला पाठवलं.

ती निघाल्याचा फोन ऐकताच तू नेसत्या लुगड्यानिशी निघालीस, हे मोनाने सांगितलं. वाटेत घाटाबिल्लोदला ट्रक उलटून रस्ता बंद पडला, त्याला तू काय करणार? आम्ही शेवटपर्यंत विमानतळाच्या दारात थांबलो. तिची चाकांची खुर्ची आत नेली तेव्हा ती मान वळवून रस्त्याकडेच बघत होती. मग तू आलीस, आणि तशीच परत गाडीत बसलीस. ताई, डॉक्टर धारलाही आहेतच. पहिल्याच दिवशी तिला तुझ्याकडे आणता आलं असतं.

काहीतरी लिही. दोन ओळी लिही.

चिंतामणी

धार, २८ फेब्रुवारी

चि. चिंतामणीस आशीर्वाद.

स्वतःला बोल लावू नकोस. तू गाडी पाठवत होतास, मीच अडून बसले.

काल अल्पनाच्या लेकीचा, कृतिकाचा फोन आला. अल्पना तिकडे अस्पतालात आहे, श्वास बरा चालतो. पण विमान आता कायमचं बंद. मग ती पोर मोडक्यातोडक्या मराठीत माझे आभार मानू लागली. म्हणाली, आई सगळ्यांना सांगते, मी धारला ताईकडे राहून आले. ताईने रोज डोक्याला तेल लावलं, समोर बसून जेवू घातलं.

मी म्हटलं, हो गं, केस फार पातळ झालेत तिचे.

तुला विचारलं तर तूही हेच सांग.

तुझी ताई